श्वास चालूच आहे

चारठाण्यात गोकुळेश्वराच्या देवळापाशी जुनी बारव आहे. तिच्या काठावर या.

दुपार कलली आहे. घाई नाही. बसा.

दगड अजून तापलेला आहे. तळहात त्यावर टेकवा. ऊब वर येऊ द्या.

ज्याच्या छातीवर रात्री काहीतरी बसतं, त्यानं त्या रात्रीची ओळख उजेडात करून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. म्हणून आपण उजेडात बसलो आहोत.

खाली बघा. दगडी पायऱ्या उतरत जातात. तळाशी पाणी किती, ते ऋतू ठरवतो. असेल तेवढं बघा.

या गावात यादवकाळच्या वळणाची कितीतरी देवळं आहेत. काही उभी, काही पडलेली. ती नंतर पाहू. आता फक्त एक पायरी. सगळ्यात वरची.

तिच्यावर नजर ठेवा.

श्वास आत येतो. श्वास बाहेर जातो. तुम्ही काही करत नाही, तरी.

थांबा इथं.

आता ती रात्र आठवा. सहज आठवेल तेवढीच.

पहाट व्हायची आहे. माळवदावर बाज टाकलेली. तुम्ही उताणे आहात. डोळे उघडतात. खांबावरचा दिवा दिसतो. लांब कुत्रं भुंकतं, ते ऐकू येतं.

हात उचलायचा आहे. उचलत नाही.

हाक मारायची आहे. घशातून निघत नाही.

पायथ्याशी कोणीतरी आहे. छातीवर ओझं आहे.

पुरे. पायरीकडे बघा. तळहाताखालचा दगड अजून उबदार आहे. दिवस आहे.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता त्या वेळी शरीरात काय चाललेलं असतं, ते हळू ऐका.

झोपेत एक टप्पा असा येतो, की पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली तो नोंदवला. ठळक स्वप्नं बहुतेक त्याच टप्प्यात पडतात. पहाटेकडे तो लांबत जातो. पुढं १९५९ मध्ये फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांनी मांजरांवर पाहिलं, की या टप्प्यात अंगातले स्नायू अगदी सैल पडतात.

मेंदूच शरीराला सैल सोडतो. स्वप्नात तुम्ही सुटलेल्या बैलामागे धावता. खरोखर धावत माळवदाच्या कडेवरून खाली जाऊ नये, म्हणून.

रोज रात्री हे होतं. तुम्हाला कळत नाही, इतकंच.

कधीतरी जाग आधी येते आणि अंग मागे राहतं. काही सेकंद. फार तर काही मिनिटं. स्वप्न अजून पुरतं विझलेलं नसतं. जागा झालेला, घाबरलेला मेंदू अंधारात धोका शोधतो, आणि पायथ्याशी कोणीतरी उभं राहतं.

जपानात ही अवस्था ओळखीची आहे. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या वस्त्यांत म्हणतात, म्हातारी येऊन छातीवर बसते. जगभरच्या ३५ अभ्यासांची २०११ मध्ये एकत्र पाहणी झाली. शंभरातल्या सात-आठ जणांना आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो, असं त्यात दिसलं.

जिंतूरहून सुटलेली भरगच्च एसटी डोळ्यांपुढे आणा. त्या गाडीत तीन-चार जण असे असतील. खिडकीतून बाहेर बघत, गप्प.

तुम्ही एकटे नाही. हे वाक्य जरा वेळ मनात राहू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं.

हात सैल असतात, पाय सैल असतात. पण डोळे हलतात. आणि छातीखालचं श्वासपटल चालू राहतं. बरगड्यांमधले स्नायू मात्र ढिले पडतात, म्हणून श्वास उथळ लागतो. आपण घाबरून खोल श्वास ओढायला जातो. तो हवा तसा येत नाही. छातीवरचं ओझं बरंचसं हेच आहे.

पोटावर हात ठेवा.

वर येतं. खाली जातं.

त्या रात्रीही हे चालूच होतं. पुढच्या वेळीही चालूच असेल.

थांबा इथं. हवं तितका वेळ.

बलंद जलाल या संशोधकानं २०१६ मध्ये अशा वेळेसाठी एक रीत मांडली. तीच आपण या काठावर गिरवू. डोळे मिटा.

मनात म्हणा: हे मला ठाऊक आहे. हे जाईल.

म्हणा: भ्यायचं कारण नाही. भीती वाटली, तर ती वाटू दे. तिच्याशी झटायचं नाही.

मग मन आत वळवा. जे आवडतं, त्यावर ठेवा. ही वरची पायरी चालेल. लेकीचा चेहरा चालेल. विठोबा चालेल. एकच निवडा, आणि आजच निवडा, कारण त्या क्षणी शोधत बसता येत नाही.

आणि अंग सोडा. हात हलवायला जाऊ नका. श्वास ओढायला जाऊ नका. तो त्याचा त्याचा चालला आहे.

पायरी. फक्त पायरी.

पुन्हा.

डोळे उघडा.

रात्री छातीवर काही बसू नये म्हणून आजी तुमच्या उशाशी विळा ठेवते. ठेवू द्या. ती तुमच्यासाठी जागी राहिलेली असते, आणि तेही झोपताना आठवण्यासारखं आहे.

पण झोप जपा. इथं सांगायला हवं, की रब्बीत शेतावरची लाईट पुष्कळदा रात्री येते. हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस अंधारात मोटार सुरू करतो, दंडाला दंड जोडत पहाट करतो आणि मग चिखलाच्या पायांनीच आडवा होतो. तुटलेली झोप, अपुरी झोप, उताणं झोपणं: या अवस्थेला हीच निमंत्रणं. शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांत आधी झोपच कापली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. पाळी भावाशी वाटून घेता येत असेल, तर घ्या. कुशीवर झोपा.

दिवसाही झोप आवरत नसेल, हसता हसता गुडघे एकदम ढिले पडत असतील, तर मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. तो वेगळा आजार असू शकतो, आणि त्यावर औषध आहे.

एक काम उरलं.

तुमच्या शेजारच्या बाजेवर कोण झोपतं? बायको, भाऊ, माय. कोणीही असो, आज संध्याकाळी जेवताना सांगा: माझा श्वास वेगळा वाटला, नुसता कण्हण्याचा आवाज आला, तर मला नावानं हाक मार आणि खांदा हलव.

कोणता खांदा, तोही दाखवून ठेवा.