आधी बियाण्याचं पोतं

आज सकाळी सासूबाईंनी ओल्या गोणपाटाची गुंडाळी अंगणात उलगडली आणि मोड मोजायला बसल्या. सोयाबीनचे १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडून आठवड्यापूर्वी त्यांनीच ती गुंडाळी बांधून ठेवली होती, रोज पाणी शिंपडत होत्या. ८२ दाणे उगवले. ७० च्या वर उगवण असली की घरचं बी पेरायला चालतं. मोजून झाल्यावर त्यांनी पुन्हा एकदा पहिल्या ओळीपासून बोट फिरवलं. त्यांचं दुसरं मोजणं चालू असतानाच माझा फोन वाजला. घराचा तिसावा हप्ता खात्यातून गेला होता, १३,०१७ रुपये.

हे दोन्ही हिशोब एकाच अंगणात, एकाच वेळी झाले, म्हणून आज हे लिहावंसं वाटलं.

आमचं घर कळंबला, ढोकी रस्त्याच्या बाजूला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे थोडं अंगण. गावाकडचं जुनं घर माळवदाचं होतं: दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहायचं ते. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, लातूर आणि आमच्या जिल्ह्यात हजारो माणसं अशाच जड छपरांखाली आणि भिंतींखाली गेली, तेव्हापासून सासूबाईंच्या मनात माळवदाची भीती बसली ती बसलीच. सिमेंटचं पक्कं घर हे त्यांचं तीस वर्षांचं मागणं होतं. २०२३ च्या दिवाळीत आम्ही राहायला आलो, तेव्हा त्या पहिल्या रात्री किती शांत झोपल्या ते मी पाहिलं आहे. त्या झोपेसाठी घेतलेलं कर्ज मला कधीच जास्त वाटलं नाही.

कर्ज १५ लाखांचं, २० वर्षांचं, साडेआठ टक्क्यांनी. माझा शाळेतला पगार किराणा, दूध आणि मुलांच्या फीला लागतो. हप्ता दुकानातून जायचा असं ठरलं. दुकान म्हणजे यांचं कृषी सेवा केंद्र. आणि इथंच आमची चूक झाली, कारण आमच्या भागात पैसा महिन्याला येत नाही, सुगीला येतो. जूनमध्ये शेतकरी बी-खत उधारीवर नेतो. सोयाबीन काढलं, मळलं, आडतीवर घातलं, पट्टी हातात पडली की मग दुकानाची पायरी चढतो. म्हणजे दसरा-दिवाळी. पुढे थोडा पैसा उसाच्या बिलांचा, थोडा फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभऱ्याचा. मेअखेर गल्ला रिकामा, आणि जूनमध्ये तर उलट पैसे घालावेच लागतात. बँकेला मात्र पाऊस-सुगी असं काही नसतं, तिची तारीख पाच.

पहिल्या दिवाळीला वसुली बरी झाली होती. नवं घर, नवी हौस. वास्तुशांत थाटात केली, सोफा घेतला, स्वयंपाकघरात ट्रॉल्या बसवल्या, मोठा फ्रिज आणला. प्रत्येक वस्तू लागणारीच होती, एकही उधळपट्टी नव्हती, आणि तरीही फेब्रुवारीपर्यंत हाती काही उरलं नाही. जुलै २०२४ मध्ये हप्ता बाऊन्स झाला. यांनी मला सांगितलं नाही. कर्जाची गोष्ट बाईमाणसांच्या कानावर घालून त्यांचा जीव कशाला टांगणीला लावायचा, हा त्यामागचा विचार. मला कळलं ते दंडाच्या मेसेजवरून. मी पाटल्या गहाण ठेवल्या आणि दोन हप्ते भरले. त्या दिवशी आम्ही एकमेकांवर ओरडलो नाही, पण जेवणही झालं नाही.

कर्ज लपवण्याची ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे आणि फार जीवघेणी आहे. मराठवाड्यात किती घरांना घरधनी गेल्यावर कळलं की कुणाचं किती देणं होतं. मला ते आमच्या घरात नको होतं. म्हणून त्या रात्री मी बँकेचा परतफेडीचा तक्ता काढला, २४० ओळींचा, आणि जेवणाच्या जागी सगळ्यांसमोर पसरला. सासूबाईही होत्या, दहावीतली लेकही होती.

तक्ता वाचणं अवघड नाही, फक्त कुणी वाचत नाही. पहिल्या हप्त्यातले १०,६२५ रुपये व्याजात आणि २,३९२ मुद्दलात. पहिल्या वर्षात दीड लाखाच्या वर भरायचे, १,५६,००० आणि वरचे दोनशे, आणि मुद्दल कमी होणार २९,८५४ रुपयांनी. हप्त्यात व्याजापेक्षा मुद्दलाचा वाटा मोठा होणार तो १४३ व्या हप्त्याला, म्हणजे जवळजवळ बारा वर्षांनी. लेकीनं बोट ठेवून ती ओळ शोधली आणि म्हणाली, "तोवर माझं शिक्षण, नोकरी सगळं होईल की."

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग यांना म्हणाल्या, "रास झाली की तुझा बाप आधी काय करायचा, आठवतं का?" आठवतच होतं. खळ्यावर रास पडली की सगळ्यात आधी बियाण्याचं पोतं भरून, तोंड शिवून, आढ्याजवळ ठेवलं जायचं. मग वर्षाचं खाणं. मग देणं, मग विकणं. बहात्तरच्या दुष्काळातही त्या घरानं बियाण्याला हात लावला नव्हता. बरबड्याच्या भाकरी खाल्ल्या, पण पोतं उसवलं नाही. "मग हप्त्याचं पोतं का शिवलं नाही?" इतकंच त्या बोलल्या.

त्या वर्षी, २०२४ ला, सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि आडतीवर चार-सव्वाचार हजारांनी जात होतं. उधारी पूर्ण आली नाही. तरी दिवाळीच्या आत आम्ही आठ हप्त्यांचे १,०४,१३६ रुपये वेगळ्या खात्यात टाकले. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेतलं नाही, फोनवर ते जोडलं नाही. आठ का, तर जून ते जानेवारी एवढा काळ सुगी बुडाली तरी तरून जायला हवा. त्यावर ५०,००० रुपये उरले, ते थेट मुद्दलात भरले.

या ५०,००० ची गोष्ट मी ओळखीच्या प्रत्येक नव्या घरवाल्याला सांगते. पहिल्या वर्षाच्या शेवटी एवढे जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे १८ हप्ते गळतात. १८ हप्ते म्हणजे २,३४,००० रुपये. हेच ५०,००० दहा वर्षांनी भरले तर जेमतेम ९ हप्ते गळतात. दर बदलता राहणाऱ्या घरकर्जावर असे पैसे आधी भरले म्हणून बँकेला दंड घेता येत नाही, रिझर्व्ह बँकेनं २०१२ पासूनच ते बंद केलं आहे. फक्त अर्जात स्पष्ट लिहायचं: हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा. आणि नवा तक्ता हातात घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही.

पण मुद्दलात भरणं ही दुसरी पायरी, पहिली नाही. हे मला २०२५ नं शिकवलं. त्या सप्टेंबरात मराठवाड्यावर असा पाऊस कोसळला की मांजरेच्या काठची रानं पाण्याखाली गेली. काढणीला आलेलं सोयाबीन शेंगेतच उगवलं, कुठं मातीच खरवडून गेली. अशा वेळी उधारी मागायला कुठल्या तोंडानं जायचं? हे गेलेच नाहीत, आणि मला त्याचा अभिमान आहे. दुकानात लोक यायचे ते हिशोबाला नाही, नुसते बसायला. जून ते सप्टेंबरचे चार हप्ते त्या शिवलेल्या पोत्यातून गेले होते. उरलेल्या चारांनी आम्हाला जानेवारीपर्यंत नेलं, मग हरभरा आला. २०२४ ला हुरूप येऊन आम्ही सगळेच दीड लाख मुद्दलात ओतले असते, तर २०२५ च्या दिवाळीत घरातलं आणखी काही गहाण गेलं असतं, किंवा हे उधारीच्या वह्या घेऊन बुडालेल्या माणसांच्या दारात उभे राहिले असते. दुसरं मला जास्त लागलं असतं.

त्याच वर्षी एक गोष्ट आमच्या बाजूनं घडली. रिझर्व्ह बँकेनं रेपो दर फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि डिसेंबरमध्ये उतरवला, साडेसहावरून सव्वापाचवर आणला. आमचं कर्ज त्या दराला जोडलेलं, म्हणून व्याज खाली आलं. हप्ता कमी करून घ्यावा असं क्षणभर वाटलं, दिवसच तसे होते. आम्ही १३,०१७ च ठेवला. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका बाईंचं उलटं झालेलं मी पाहिलं होतं. २०२१ मध्ये सात टक्क्यांनी कर्ज घेतलं, मे २०२२ पासून दर चढत गेले, हप्ता तोच राहिला म्हणून त्या निर्धास्त होत्या, आणि मुदत मात्र निवृत्तीच्या पुढे निघून गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की दर बदलला की कर्जदाराला कळवायचं, आणि हप्ता वाढवायचा की मुदत, हे त्याला निवडू द्यायचं. तो अधिकार वापरायला वर्षातून एकदा तरी तक्ता उघडावा लागतो.

सासूबाईंना आकड्यांपेक्षा दुसरीच काळजी होती. त्यांच्या वडिलांचं रान सावकाराकडे गेलं होतं. पैसे फिटले तरी कागद परत आला नाही, अशी ती हकिगत. एकदा भाजी निवडता निवडता त्यांनी विचारलं, "समदं फिटलं तर घराचा कागुद देतेत का गं?" मी सांगितलं, देतात. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद द्यावेच लागतात, बँकेकडून उशीर झाला तर तिनं आपल्याला दिवसाला ५,००० रुपये द्यायचे, डिसेंबर २०२३ पासून तसा नियम आहे. त्यांनी निवडलेली मेथी बाजूला ठेवली आणि मला पुन्हा सगळं सांगायला लावलं. त्या दिवसापासून पाच तारीख त्यांच्याही ध्यानात असते.

पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. यंदाच्या सुगीत आधी आठ हप्त्यांचं पोतं पुन्हा भरायचं, मग पाटल्या, मग जमलं तर मुद्दल. क्रम लेकीनंच लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

ठरलेल्या मुदतीप्रमाणे आज २१० हप्ते राहायला हवे होते. बँकेच्या ताज्या तक्त्यात १६४ आहेत. सासूबाईंनी मोड आलेले दाणे कोंबड्यांपुढे टाकले, हात धुतले, बियाण्याच्या पोत्यावर खडूनं ८२ लिहिलं. अक्षरं त्यांना येत नाहीत, आकडे येतात.

"आता किती?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. देवघराच्या फळीवरची वही त्यांनी स्वतःच काढली आणि मागच्या महिन्याच्या १६५ खाली, वाकून, सावकाश, १६४ मांडले.