मोटारसायकलचा प्राणायाम

जगात दोन प्रकारची माणसे असतात. विकत आणलेली वस्तू कंपनीने दिली तशी वापरणारी, आणि ती घरात आल्याबरोबर पाना शोधणारी. मी पहिल्या प्रकारातला. आमच्या मिक्सरबरोबर आलेले हमीपत्र, पुठ्ठ्याचा खोका आणि खोक्यातला थर्माकोल हे तिन्ही मी मिक्सरपेक्षा अधिक काळजीने जपले आहेत. भिंतीवरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे जाते. मी काटे मागे घेत नाही, मनातल्या मनात वजाबाकी करतो. बनवणाऱ्याने काहीतरी विचार करूनच वस्तू बनवली असेल, अशी माझी श्रद्धा आहे. आणि श्रद्धेला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही.

माझा पुतण्या, म्हणजे चुलतभावाचा मुलगा, दुसऱ्या प्रकारातला. राहतो जांब समर्थला, जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव. 1608 साली रामनवमीला ठोसरांच्या घरी नारायण जन्मला आणि बाराव्या वर्षी लग्नाच्या मांडवात 'सावधान' हा शब्द ऐकून जो पळाला, तो नाशिकजवळच्या टाकळीला जाऊन थांबला, असे सांगतात. एवढे अंतर त्या मुलाने स्वतःच्या दोन पायांवर कापले. आज त्याच गावात दळण आणायला दोन गल्ल्या ओलांडायच्या असल्या तरी किक मारल्याशिवाय कोणी निघत नाही. काळ बदलतो, दुसरे काय!

पुतण्याने आयटीआय केले आहे आणि नोकरी अजून लागायची आहे. घरात मोटारसायकल एकच. शंभर सीसीची, कार्बुरेटरच्या काळातली, वडिलांच्या नावावरची. सकाळी तिच्यावर दुधाचे कॅन, दुपारी खताची गोणी आणि अधूनमधून डोळे दाखवायला जाणारी माझी काकू. या कुटुंबात तिच्याइतके कष्ट दुसरे कोणी करत नाही. तर अशा या कर्त्या सदस्याची पुतण्याने भर मे महिन्यात शस्त्रक्रिया केली. ठिबक बसवताना उरलेला दोन इंची पाइप, दोन एल्बो, एक क्लिप आणि भरपूर एम-सील एवढ्या साहित्यावर त्याने कार्बुरेटरचे तोंड सीटखालच्या डब्यापासून सोडवून थेट हेडलाइटच्या खाली आणले. तोंडावर जुन्या बनियनचा तुकडा. पाइपाभोवती ओले गोणपाट. बैलाला आंघोळ घालून आणल्यासारखी ती गाडी दिसत होती.

"काका, इंजनाला बी दम लागतोय की," तो म्हणाला. "थंड हवा घातली का जोर वाढतोय बगा."

आता यात गंमत अशी, की तो शास्त्राप्रमाणे खोटे बोलत नव्हता. मोटारसायकल पेट्रोलवर चालते हा आपला समज अर्धाच खरा आहे. एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरला नऊ-दहा हजार लिटर. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. तेव्हा गाडीने एक लिटर पेट्रोल संपवले, की एका माणसाचा दिवसभराचा श्वास तिने ओढलेला असतो. पेट्रोलचा दर पैशापर्यंत तोंडपाठ असणाऱ्या आपल्याला या दुसऱ्या खरेदीचा पत्ताच नसतो, कारण तिचे बिल येत नाही. आणि हवा जितकी थंड तितकी दाट, हेही खरेच. चारचाकीत बॉनेटखाली तापलेली हवा असते, तिथे बाहेरून पाइप आणण्याला काही अर्थ तरी आहे. मोटारसायकलचे इंजिन मुळातच चव्हाट्यावर बसलेले. त्याला आणखी बाहेरची हवा कुठून आणणार? मे महिन्यात जालना जिल्ह्यात थंड हवा शोधणे म्हणजे वाळवंटात होडी भाड्याने मागणे.

मी कागद घेतला. उदार मनाने धरले, की 42 अंशांची हवा गोणपाटाने 32 वर आणली. दाटपणा वाढला शेकडा तीन-सव्वातीन. इंजिन आठेक अश्वशक्तीचे. फायदा, पाव घोडा. समोरून वाऱ्याच्या दाबाने हवा घुसते म्हणावे, तर ताशी 60 किलोमीटरला तो दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या हजारात दीड भाग. पाव घोडा म्हणजे घोड्याचा नेमका कोणता भाग, हे शास्त्र सांगत नाही; पण ज्या भागावर बसून गावाला जाता येते तो नव्हे, एवढे नक्की.

इथपर्यंत गणित होते. खरा प्रश्न याच्यापुढे सुरू होतो: हे त्याला सांगावे की नाही?

तुम्ही म्हणाल, यात प्रश्न कसला? खरे ते सांगावे. पण त्या दिवशी त्याचा चेहरा तुम्ही पाहिला नाहीत. आयटीआय झाल्यापासून 'सध्या काय करतोस?' या प्रश्नाला त्याच्यापाशी पहिल्यांदा उत्तर होते. वडील त्याला 'उद्योगी' म्हणत. घरात उद्योग नसलेल्यालाच हे विशेषण लावायची आपल्याकडे चाल आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने केलेले, स्वतःच्या डोक्यातून निघालेले असे त्याचे काम म्हणजे तो पाइप. त्यावर एका शहरी काकाने कागद-पेन्सिल घेऊन पाव घोडा सोडायचा? रामदासांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगितली, तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. पढतमूर्खांसाठी त्यांनी वेगळा समास लिहिला. हिशेबाचा कागद हातात धरून मी त्या समासाच्या कर्त्याच्या जन्मगावी उभा होतो.

दुसरीकडे, गप्प बसणे म्हणजे काय होते? आमच्या मध्यमवर्गात त्याला 'मन राखणे' म्हणतात. बेसूर गाणाऱ्याला 'वा!' म्हणायचे आणि घरी येऊन हसायचे. त्यात दया कमी आणि आळस जास्त असतो. शिवाय इथे एक तिसरा पक्ष होता, तो म्हणजे इंजिन. बनियन पुतण्याला घाम टिपायला ठीक, पण कुंभार पिंपळगावच्या रस्त्यावर उडणारी धूळ त्यातून खुशाल आत जाते. धुळीतले बारीक वाळूचे कण सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा कानशीसारख्या घासतात. मग गाडी ऑइल पिऊ लागते, निळा धूर सोडू लागते आणि एके दिवशी दुधाचे कॅन दारातच उभे राहतात. हवा वाढून पेट्रोल तेवढेच राहिले तर इंजिन तापते. ते वाढवायला मोठा जेट बसवला तर वडिलांचा खिसा तापतो. शौक मुलाचा, झीज मशिनची, खर्च बापाचा आणि आवाज अख्ख्या आळीचा. सुधारणेचा हा नेहमीचाच हिशेब आहे. फायदा मोजताना आपण आपल्या अंगणात उभे असतो आणि तोटा मोजायला कोणालाच पाठवत नाही.

कायद्याने यावर आपल्यापुरते उत्तर देऊन ठेवले आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने मूळ तपशिलांशी विसंगत फेरफाराला मनाई केली, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. पण कायदा वाहनाकडे पाहतो, वाहन उघडणाऱ्या हातांकडे पाहत नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार आठवतात? यशवंतराव चव्हाणांच्या या जन्मगावी त्यांनी सुमारे 60 हजार रुपयांत, भंगारातून, किक मारून सुरू होणारी चिमुकली जीप बनवली. 2021 च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक केले आणि त्याच दमात म्हटले, की ही नियमात बसत नसल्याने आज ना उद्या थांबवली जाईल. तेव्हा ती द्या आणि बोलेरो घ्या. 2022 च्या जानेवारीत तसे झालेही. नियम मोडला असे स्पष्ट सांगूनही कारागिराचा मान राखता येतो, हे मला त्या व्यवहारात आवडले. फक्त मला बोलेरो देणे परवडणारे नव्हते.

म्हणून मी कागद खिशात घातला आणि पुतण्याला घड्याळ दिले. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर दोन दगड मांडले. तीन फेऱ्या पाइप लावून, तीन पाइप काढून. मोजणारा तोच, लिहिणारा तोच. फरक निघाला सेकंद-अर्ध्या सेकंदाचा, तोही कधी इकडे कधी तिकडे. पाइपाची सर्वांत वेगवान फेरी झाली तेव्हा मागून वारा होता आणि सर्वांत मंद फेरीत एक म्हैस आडवी आली होती.

तो बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिला.

"मंग आवाज कामून एवढा वाढला?"

सीटखालचा डबा हवा गाळतो तसा आवाजही गिळतो, मी म्हणालो. डबा काढला, की इंजिन श्वास घेताना गुरगुरते, आणि गुरगुर ऐकू आली की माणसाला वेग आल्यासारखा वाटतो. हे फक्त मोटारसायकलचे नाही. सभेतले पुष्कळ वक्ते याच तत्त्वावर चालतात.

तो हसला नाही. घरी येऊन त्याने तो डबाच उघडला. आतली गाळणी काढली, तर ती गाळणी आहे की ढेकूळ हे कळेना. तीन नांगरट्यांची धूळ तिने एकटीने अडवून धरली होती. गाडीला दम लागत होता हे त्याचे निदान अगदी बरोबर होते. घशात बोळा होता आणि हा नाकाला नळी लावत होता. त्याने स्वतः जाऊन नवी गाळणी आणली. काकू मागे बसून एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "आता बरं झालं. त्या भोंग्यानं मला मागं डुलकीबी लागू देईना."

गाळणी म्हणजे अडथळाच, हे पुतण्याचे म्हणणे मला नाकारता येत नाही. ती हवेला अडवते, जोर थोडा खाते. आईबापांचे बोलणे, शेजाऱ्याची झोप, कायद्याचे कलम या सगळ्या गाळण्याच. त्या तुंबतात तेव्हा जीव गुदमरतो आणि मग तरुण माणसाला वाटते, फेकून द्यावी ही कटकट. वडीलधारी म्हणतात, हात लावू नका. दोघांनाही ती उघडून झटकावी असे सुचत नाही. कारण एकाला तिचा राग असतो आणि दुसऱ्याची तिच्यावर श्रद्धा असते.

पण ती उघडायची कोणी? माझ्यासारख्याच्या हातून ते व्हायचे नाही. मी अजून घड्याळाची वजाबाकीच करतो आहे. उघडणारे हात पाना शोधणाऱ्यांचेच असतात. ते चुकीचा पाइप लावतात, पण बरोबर डबाही तेच उघडतात. रामदासांनी प्रयत्नाला फार वरचे स्थान दिले आणि त्याच्याबरोबर विवेकही मागितला. आपण वडीलधारी विवेक फुकट वाटत फिरतो आणि प्रयत्न दिसला की त्याला 'उद्योग' म्हणतो. एखाद्याच्या हातातला पाना काढून घेण्यापेक्षा दुसऱ्या हातात घड्याळ देणे स्वस्त पडते आणि अपमानही होत नाही.

त्या पाइपाने आता गोठ्यातला हौद भरतो. परवा वहिनींचा फोन होता. पुतण्याने कडबाकुट्टी उघडली आहे म्हणे, आणि घड्याळ मागतो आहे.