देव, दएव आणि देवी

माझा पारशी मित्र दादरला राहतो. कमरेचा पवित्र धागा, म्हणजे कुस्ती, सोडून पुन्हा बांधताना तो जी प्रार्थना म्हणतो, तिच्यात दएवांना हाकलायचं असतं. मी मात्र आंघोळ झाली की देवांपुढे दिवा लावतो. देव आणि दएव मुळात एकच शब्द. संस्कृतात तो पूज्य झाला, पारशांच्या अवेस्तात दुष्ट. शाहनामा या फारसी महाकाव्यात वीर रुस्तम ज्याला मारतो, तो पांढरा राक्षसही ‘दीव’च. उलट आपला असुर तिकडे अहुर, म्हणजे स्वामी. आणि ऋग्वेद तर वरुणालाही गौरवाने असुर म्हणतो.

मग खरं कोण? मला हा वाद फोल वाटतो. दोघेही असत्यापासून सुटका मागतो. अक्षरांत पावित्र्य असतं, तर आमच्यातला एक जण रोज पाप करत असता.

मराठीत तर ‘देवी’ या शब्दात भीतीलाही जागा आहे. माझ्या दंडावर देवी टोचल्याचा व्रण आहे. त्या रोगालाच आपण देवी म्हणत होतो, तिला नैवेद्य दाखवत होतो. १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला, आणि त्या शब्दाने एकाही भाविकाची श्रद्धा दुखावली नाही. नावापेक्षा श्रद्धा शहाणी असते, ती अशी.