गाण्यातली जागा, सिनेमातली जागा

मणी कौल यांचं ६ जुलै २०११ रोजी गुडगावला निधन झालं. वय छासष्ट. त्यांच्या सिनेमाविषयी आपल्याकडे एकच शेरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: फार संथ. मला तो शेरा अन्यायाचा वाटतो. त्या संथपणाच्या पोटात एक विचार तीस वर्षं वाढत होता, आणि त्याची पेरणी पुण्यात झाली होती.

फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते ऋत्विक घटकांचे विद्यार्थी. घटकांचा सिनेमा काठोकाठ भावनेनं भरलेला. शिष्यानं मात्र फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांची वाट धरली, जे नटाला अभिनयच करू देत नसत. १९६९चा ‘उसकी रोटी’ तिथूनच आला. मोहन राकेशांच्या कथेतली बालो बसचालक नवऱ्याची रोटी घेऊन रस्त्याकडेला थांबते, एवढीच गोष्ट. के. के. महाजन यांच्या कॅमेऱ्याला भिंगं दोनच, २८ आणि १३५ मिलिमीटरची. एकात जवळचं-लांबचं सगळं लख्ख, दुसऱ्यात एक अरुंद पट्टा स्पष्ट आणि बाकी धूसर. एक डोळ्यांपुढचं दाखवणारं, दुसरं मनातलं. पण पाहता पाहता दोन्हींतली सीमा हरवते आणि आपणही बालोबरोबर थांबून राहतो. हे थांबणं मला कधी रिकामं वाटलं नाही.

तरीही हा सिनेमा मोजूनमापून बांधलेला आहे. चौकट कुठे संपणार, हे दिग्दर्शकाला आधीच ठाऊक आहे. पुढे विजयदान देथांच्या कथेवरच्या ‘दुविधा’त (१९७३) राजस्थानी लघुचित्रांची सपाट, रंगीत पृष्ठं दिसतात. त्यासाठी त्यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९७६मध्ये ‘युक्त’ या सहकारी गटानं तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ पडद्यावर आणलं, त्यातही ते होते.

मग कवी मुक्तिबोध. घरची भाषा मराठी, लिहिलं हिंदीत. त्यांच्या लेखनावरच्या ‘सतह से उठता आदमी’त (१९८०) कौलांनी कथा, कविता आणि चिंतन एकमेकांत मिसळू दिलं. शेवटाकडचा कारखान्याचा भाग मला अजूनही पुरता उमगलेला नाही. पण तो विसरताही येत नाही.

खरं वळण आलं ते धृपदामुळे. रुद्रवीणेचे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे कौल शिकले, आणि १९८२मध्ये त्यांनी ‘ध्रुपद’ हा माहितीपट केला. आपण मराठीत गाणाऱ्यानं ‘जागा घेतली’ म्हणतो. किती नेमका शब्द आहे हा! ती जागा आधीपासून तयार नसते, गाणारा तिथे पोचतो तेव्हाच ती उघडते. धृपदाच्या आलापात तर स्वर हा ठिपका उरतच नाही. एका श्रुतीकडून दुसरीकडे सरकणं हाच राग होतो. कौलांनी हे सिनेमाला लावून पाहिलं. दृश्य म्हणजे आधी आखलेली चौकट, हे त्यांना पटेनासं झालं. आलापासारखं तेही काळात उलगडत जावं, जागा नंतर सापडावी.

हा विचार त्यांनी ‘सीन फ्रॉम नोव्हेअर’ या निबंधात मांडला. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रासाठी कपिला वात्स्यायन यांनी अवकाश-संकल्पनेवर संपादित केलेल्या ग्रंथात तो १९९१मध्ये आला. युरोपीय प्रबोधनकाळातल्या यथार्थदर्शनानं पाहणाऱ्याला एका ठिकाणी उभं केलं, सगळ्या रेषा त्याच्या डोळ्याशी आणून बांधल्या, आणि कॅमेऱ्याचं भिंगही तोच वारसा घेऊन जन्मलं, असं त्यांचं म्हणणं. मला यात परंपरेचा अभिमान मिरवणं दिसत नाही. ते हाती असलेल्या यंत्राशी झगडत होते.

१९९९मध्ये विनोदकुमार शुक्लांच्या कादंबरीवर ‘नौकर की कमीज’ करताना हा झगडा टोकाला गेला. छायाचित्रणकार के. यू. मोहनन यांना त्यांनी सांगितलं, व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा नाही. कॅमेरा चालवायचा, पण चौकट बघायची नाही. तीस वर्षांपूर्वी भिंगांचे मिलिमीटर मोजून बालोला उभं करणारा हाच दिग्दर्शक आता एका कारकुनाच्या घरात कॅमेरा सोडत होता, आणि चौकटीत काय येईल हे त्यालाही चित्रण होईपर्यंत ठाऊक नव्हतं.