खरे घड्याळ कोणते?

समुद्रात खोल उतरणारा पाणबुड्या मनगटावरच्या घड्याळात आपला श्वास मोजत असतो. पाठीवरच्या नळकांड्यात हवा असते ती ठरावीक मिनिटांची. १९५३ साली ब्लाँपँ या स्विस कंपनीने 'फिफ्टी फॅदम्स' हे घड्याळ काढले, तेव्हा तिचे प्रमुख जाँ-जाक फीश्तेर स्वतः पाण्याखाली जाणारे होते. पाणी शिरू नये म्हणून वॉशर, अंधारात दिसावेत म्हणून चमकणारे काटे, आणि तबकडीभोवती एक फिरती कडी. उतरताना कडीवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, की किती मिनिटे सरली ते एका नजरेत कळते. पुढे अशा घड्याळांची कडी एकाच दिशेने फिरेल अशी करण्यात आली. धक्क्याने ती सरकलीच, तर सरलेली वेळ जास्त दाखवील, कमी कधीच नाही. चुकायचेच तर माणसाच्या जिवाच्या बाजूने चुकावे, हा विचार एका कडीत बसवलेला पाहून मला या घड्याळांचा नाद लागला.

अशी जुनी घड्याळे जमवणारे जगभर आहेत आणि त्यांच्यात एक विचित्र न्याय चालतो. ही घड्याळे कामावर होती त्या काळी दुरुस्तीला आलेल्या घड्याळाची फिकी तबकडी आणि मंद झालेले काटे बदलून मिळत. पाणबुड्यालाही तेच हवे असे. आज ती बदललेली तबकडी म्हणजे दोष! उन्हाने काळ्याची तपकिरी झालेली मूळ तबकडी मात्र कितीतरी महाग. मग खरे कोणते म्हणायचे? ज्याने आपले काम राखले ते, की ज्याने आपले अंग राखले ते?

आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कशालाही सर्रास 'रेडियम' म्हणतात. सायकलच्या मडगार्डवरच्या पट्टीलासुद्धा. त्या सुरुवातीच्या घड्याळांवर मात्र खरोखरीचे रेडियम असे. त्याच्या कितीतरी आधी, १९२० च्या आसपास, अमेरिकेत न्यू जर्सीतील ऑरेंज येथे तबकड्या रंगवणाऱ्या मुली कुंचल्याला ओठांनी टोक काढीत. त्यांचे जबडे सडले, कित्येक जणी दगावल्या. रेडियम निम्मे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात. त्याच्या किरणांनी उजळणारी भुकटी मात्र काही दशकांतच निकामी होते. म्हणजे आज ती मूळ तबकडी उजेड देत नाही, पण तिचा किरणोत्सर्ग चालूच आहे. आणि तिलाच आम्ही 'अस्सल' म्हणून मिरवतो.

दुरुस्तीत मला काही पाप दिसत नाही. मुंबईत जुन्या एचएमटी, फेवर ल्युबा घड्याळांच्या तबकड्या पुन्हा रंगवून विकतात. ज्याला स्वस्तात चालते घड्याळ हवे, त्याची त्यात सोयच होते. तेच घड्याळ एखाद्या शौकिनाला 'मूळ रंग' सांगून विकले, की रंग तोच, पण व्यवहार खोटा. नव्या काट्यांना चहाचा रंग देऊन त्यांना म्हातारे करणे हा तर निव्वळ सोंगाचा प्रकार.

याबाबतीत ब्रिटिश सैन्याची एक रीत मला फार आवडते. तेथील वैमानिकांच्या घड्याळांवरच्या रेडियमच्या तबकड्या साठच्या दशकात काढून ट्रिटियमच्या बसवल्या गेल्या आणि त्यांवर वर्तुळात इंग्रजी 'टी' हे अक्षर छापले गेले. ही खूण नौदलाच्या पाणबुड्यांना दिलेल्या ओमेगा सीमास्टर ३०० वरही सापडते. ट्रिटियम बारा-तेरा वर्षांतच निम्मे होते, त्यामुळे तो उजेडही आता जवळपास विझला आहे. तरी अशी बदललेली तबकडी समोर आली तर मी ती बिनदिक्कत घेईन. काय बदलले ते तिच्या तोंडावरच लिहिलेले आहे. बदलली म्हणून किंमत कमी पडली, तर उत्तमच.