परतणारा कोण?

ऑस्ट्रेलियातील कोआला आणि पावसाळा सरता सरता आपल्याकडे थव्यांनी उडणारा पिवळसर चतुर यांना एका तागडीत तोलणे विचित्र वाटेल. एक पोटाला पिशवी असलेला, झाडावरच आयुष्य काढणारा प्राणी. दुसरा जेमतेम ५ सेंटीमीटर लांबीचा कीटक. परंतु एका जागी राहण्याला सद्‌गुण मानावे काय, हा प्रश्न या दोघांकडे पाहून मनात येतोच.

कोआलाची स्थाननिष्ठा त्याच्या पोटातच मुरलेली असते. निलगिरीची पाने विषारी व निकस. ती पचविणारे सूक्ष्म जीव पिलाला आईच्या मऊ विष्ठेतून मिळतात. (वारसा हा शब्द इतका शब्दशः अन्यत्र क्वचितच खरा ठरत असेल.) दिवसाचे सुमारे २० तास विश्रांती, उरलेल्या वेळी ठरलेली झाडे. २०१९-२० च्या वणव्यांत मात्र हाच आसरा घातक ठरला. कारण धोका दिसला की कोआला पळत नाही, शेंड्याकडे चढतो. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात तो संकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. याला निष्ठेचे फळ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. जंगल तोडणारा कोआला नव्हता.

चतुराची कथा निराळी. मालदीव बेटांवर गोड्या पाण्याची डबकी जवळजवळ नाहीत. तरीही दर ऑक्टोबरात चतुरांचे थवे येतात कोठून, असा प्रश्न तेथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला पडला. हे थवे भारतातून वाऱ्यावर स्वार होऊन पूर्व आफ्रिकेकडे निघालेले असावेत, असे अनुमान त्याने २००९ साली मांडले. वाटेत पावसाचे डबके मिळाले की मादी त्यात अंडी घालते. ते आटण्यापूर्वी, काही आठवड्यांतच, पुढची पिढी उडून जाते. भारतात येतात ती त्यांची नातवंडे-पतवंडे. मग यास परतणे म्हणावे काय?

बदलीच्या नोकरीत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहात नाही. निवृत्तीनंतर गावी जाऊ, असे आपण म्हणतो. मुले मात्र दिल्लीत वा कलकत्त्यात वाढलेली, हिंदीत किंवा बंगालीत भांडणारी. न पाहिलेल्या गावाचे ऋण त्यांच्या माथी मारावे, हे मला पटत नाही. ज्या गावाचे पाणी प्यालो, ऋण त्याचे. आणि तसे असेल तर मुक्कामाच्या गावाचेही काही देणे लागतेच. सरकारी वसाहतींत मात्र तीन-तीन वर्षे राहून गेलेल्या घरांच्या अंगणात कित्येकदा एक रोपही लावलेले आढळत नाही. त्याची फळे दुसराच कोणी खाणार म्हणून.