घराचे ऋण आणि घुमटाची स्वस्ताई

अपरिग्रह म्हणजे गरजेपलीकडच्या संचयाचा त्याग. पतंजलींच्या पाच यमांत, जैनांच्या पाच महाव्रतांत आणि गांधीजींच्या एकादश व्रतांत त्याला स्थान आहे. घराच्या बाबतीत या व्रताचा अर्थ बहुधा काटकसर असाच लावला जातो. परंतु घर थोड्या पैशांत उभे राहिले, एवढ्यावरून अपरिग्रह साधला असे म्हणता येईल काय, हा प्रश्न यंत्राने कापलेल्या प्लायवुडच्या घुमटाकार घराने नव्याने उभा केला आहे.

अमेरिकी रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांना 1954 मध्ये ज्या घुमटाचे पेटंट मिळाले, त्यात गोलाचा पृष्ठभाग त्रिकोणांत विभागलेला असतो. चौकट दाबाखाली तिरपी होते, त्रिकोण मात्र बाजूंची लांबी बदलल्याखेरीज आकार सोडत नाही. शिवाय ठरावीक घनफळ सामावण्यास गोलाला सर्वांत कमी पृष्ठभाग लागतो, म्हणून थोड्या सामग्रीत भक्कम आणि ऐसपैस जागा मिळते. संगणकाच्या आज्ञेने चालणारे सीएनसी यंत्र 8 बाय 4 फुटी प्लायवुडमधून खाचांसह तुकडे कापते आणि क्रमांक पाहून ते नटबोल्टने जोडले की कसबी सुतारावाचून घर उभे राहते.

धर्मशास्त्राच्या बाजूने पहिली शंका आकाराची निघते, कारण वास्तुपुरुषमंडल, म्हणजे देवतांची स्थाने दाखवणारा आराखडा, चौरस असतो, त्याच्या एका प्रचलित प्रकारात 81 पदे असतात, आणि घुमटाला तर कोपराच नसतो. परंतु दिशा गोल घरालाही असतात, तेव्हा ही शंका वरवरची ठरते. वास्तुशांतीमागचा एक हेतू अधिक खोल आहे: जमीन खणताना आणि झाडे तोडताना घडलेल्या जीवहिंसेच्या दोषाचे शमन. किंमत चुकती केल्यावरही घराचे काही ऋण उरतेच, हे त्यात गृहीत धरलेले आहे. प्लायवुडमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे रासायनिक राळेने चिकटवलेले असतात. झाड कुठल्या तरी दूरच्या मुलखात तुटते, राळ कारखान्यात तयार होते, कापणी यंत्र करते आणि राहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यातले काहीच घडत नाही. ऋण फिटत नाही, ते फक्त नजरेआड होते.

वऱ्हाडातील धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरात ही सोय नव्हती. पावसाळा तोंडावर आला की धाब्यावर नवी माती पसरून चोपावी लागे आणि पन्हाळी मोकळ्या कराव्या लागत. खामगाव परिसरात घुमट बांधला, तर त्यालाही अशी निगा चुकणार नाही. कारण कपाशीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पाया कच्चा असेल तर जोते हलते, सांधे सैल होतात आणि आत पाणी मुरून प्लायवुडचे थर सुटू लागतात. कुजलेल्या त्रिकोणाच्या जागी मिळेल ती फळी ठोकून भागत नाही. त्याच मापाचा, त्याच खाचांचा तुकडा हवा, आणि तो कापण्याचा आराखडा कोणाच्या हाती आहे, यावर घराचे पुढचे आयुष्य अवलंबून राहते.

गांधीजी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या ज्या शेगावात राहायला गेले, त्याच्या नावाचा खामगावशेजारच्या शेगावशी घोळ होऊन टपाल चुकू लागल्याने 1940 मध्ये ते सेवाग्राम झाले. तिथल्या बापू कुटीची माती, बांबू आणि कौले गावातल्या कोणालाही दुरुस्त करता येण्यासारखी होती. तरीही सरसकट यंत्रविरोध ही गांधीजींची भूमिका नव्हती. 1924 मध्ये त्यांनी शिवणयंत्राला अपवाद मानले, कारण त्यांची हरकत माणसाचे हातपाय निकामी करणाऱ्या यंत्राला होती.

या मापाने पाहता घराच्या अपरिग्रहाची कसोटी त्याच्या दुरुस्तीत आहे. आराखडा खुला असेल आणि कुजलेला तुकडा जवळच्या शहरात कापून घेऊन घरातल्या माणसांनाच बसवता येत असेल, तर यंत्राने कापलेला घुमटही व्रताच्या कक्षेत बसतो; कारण दरवर्षी लाकडाला हात लावणाऱ्याला आपण किती लाकूड वापरतो याचे भान राहते. आराखडा विक्रेत्याच्या कुलपात असेल, तर तेच स्वस्त घर परावलंबनाचा दीर्घ करार ठरते आणि वास्तुशांतीत मागितलेली क्षमा उपचारापुरती उरते.